झोपाळ्यावर बसलात का?

मॅडम फोन उचलत नसत. फोन वाजू लागला की त्या त्याच्याकडे नुसत्या बघत राहायच्या, शेजारच्यांचं कुत्रं भुंकताना आपण बघतो तशा. तो गप्प झाला की चष्मा चढवून समोरच्याला मेसेज करायच्या, 'काय काम?' दवाखान्याच्या विश्वस्तांनाही हाच मेसेज जायचा. विश्वस्त चिडायचे, पण कामाचं काय ते लिहून कळवायचे.

"बोलताना माणूस उगाच गोड होतो," त्या मला एकदा म्हणाल्या. "लिहायचा सगळ्यांना कंटाळा. म्हणून लिहितात तेवढं खरं असतं."

हे मला पूर्ण पटलेलं नाही. पण त्यांच्याशी वाद घालायची पद्धत आमच्या दवाखान्यात नव्हती.

बोईसरला कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत तो धर्मादाय दवाखाना होता. मी तिथं औषधांच्या खिडकीत बसायचो. मॅडम छातीच्या डॉक्टर. टीबीच्या गोळ्या सरकारकडून फुकट यायच्या, त्या मोजून द्यायचं काम माझं. पेशंट त्या नियमित खातो की नाही हे बघायचं काम खरं तर कोणाचंच नव्हतं, म्हणून ते मॅडमनी घेतलं होतं. त्या पालघरला एकट्या राहायच्या आणि स्कूटरवरून यायच्या. मी उमरोळीचा. माझं घर त्यांच्या वाटेवर, त्यामुळे पुष्कळदा मागे बसून जायचो. अट एकच, गाडीवर बोलायचं नाही. हेल्मेट त्या दवाखान्यात शिरल्यावरही बराच वेळ डोक्यावर ठेवत. एकदा त्यांनी हेल्मेट घालूनच एका म्हातारबाबांची छाती तपासली. म्हातारबाबा घाबरून इतका खोल श्वास घेत होते की तपासणी उत्तम झाली.

दुपारी जेवण झालं की त्या तपासायच्या टेबलावर आडव्या व्हायच्या आणि तोंडावर रुमाल टाकून घोरायच्या. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना ते ऐकू जायचं. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. उलट एक बाई म्हणाली होती, "झोपू द्या हो. सकाळपास्नं उभी हाय ती."

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. माझ्यासारख्या चाळिशी उलटलेल्या माणसाला त्या सरळ 'अरे' म्हणत. पण पंधरा-सोळा वर्षांचं पोर समोर आलं की 'आपण'. "आपण बसा. आपल्याला भूक लागते का? आपण रात्री खोकता का?" पोरं आधी मागे वळून बघायची, आपल्यामागे कोणी उभं आहे की काय. कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसाचा मुलगा होता, हिंदी बोलणारा. त्याला राहवलं नाही.

"मॅडम, मेरे को 'आप' काय को बोलते? मैं तो छोटा है."

"गोळ्या कोण खाणार?" मॅडमनी मराठीतच विचारलं. "मी की आपण?"

"मैं."

"मग मोठं कोण?"

पोरगा हसला. त्याने गोळ्या पूर्ण केल्या. वरच्या वर्गात गेल्यावर पेढे घेऊन आला, ते मॅडमनी त्याच्यासमोर खाल्ले आणि त्याला घरी पाठवून दिलं.

या वयाच्या पोरांबद्दल त्यांचं ठरलेलं म्हणणं होतं. मोठ्या माणसाला गोळ्या खायला लावणं सोपं, कारण त्याला मरणाची भीती असते. पोराला मरण खोटं वाटतं, त्याला फक्त लाज खरी वाटते. त्यात टीबीच्या गोळ्यांची गंमत अशी की पहिल्या दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं. खोकला जातो, ताप जातो, भूक येते. पोर म्हणतं, झालं की बरं. गोळ्या सोडतं. मग काही महिन्यांनी आजार परत येतो, आणि या खेपेला तो साध्या गोळ्यांना दाद देईलच असं नसतं.

म्हणून दवाखान्याने एकदा मेसेजची सोय केली होती. कंप्युटरमधून रोज सकाळी आपोआप मेसेज जायचा, 'आपली टीबीची आजची गोळी घेतली का?' सगळ्यांना बरं वाटलं. पाम गावात भाड्याच्या खोलीत राहणारा एक मुलगा होता, कामासाठी एकटाच आलेला. त्याचा फोन खोलीतल्या दुसऱ्याच्या हातात होता तेव्हा तो मेसेज आला. पडद्यावर अक्षरं झळकली, खोलीतल्या सगळ्यांनी वाचली. संध्याकाळपर्यंत त्या मुलाची गादी आणि पिशवी दाराबाहेर होती. तो आमच्याकडे परत आला नाही. मॅडमनी चौकशी केली. मालक म्हणाला, गावी गेला असेल. कुठलं गाव ते कोणालाच सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो मेसेज बंद करायला लावला. तेव्हापासून टीबी झालेल्या प्रत्येक पोराला त्या स्वतः, स्वतःच्या फोनवरून, एकेका बोटाने टाइप करून मेसेज पाठवू लागल्या. त्यात आजार, औषध, दवाखाना असला एकही शब्द यायचा नाही. पहिल्या भेटीत त्या विचारायच्या, "आपण रोज न चुकता काय करता?" कोणी म्हणे गाडी पुसतो, कोणी मांजराला दूध घालते. मग गोळी त्याच वेळी घ्यायची आणि मेसेजही त्याचाच. 'मांजर जेवलं का?' याचा अर्थ गोळी घेतली का. 'जेवलं' असं उत्तर आलं की झालं. एखाद्याने हसरं तोंड पाठवलं तर मॅडम कळवत, 'तोंडं पाठवू नका. शब्द पाठवा.'

त्यांच्या वाक्यांची एक लकब मला फार उशिरा लक्षात आली. त्या स्वतःबद्दल असं लिहीत की लिहिणारा पुरुष आहे की बाई हे कळू नये. 'वाट पाहिली.' 'बरं वाटलं.' मुद्दाम नव्हे, शब्द वाचवायची सवय. पण त्या सवयीने एकदा आम्हाला शिरगावच्या किल्ल्यापाशी नेऊन उभं केलं.

ती मुलगी शिरगावची. आईबरोबर आली होती. पालघर जवळ असताना बोईसरला येणारी माणसं आम्ही बघताक्षणी ओळखायचो. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून ती लांब येतात. मुलगी बारावीला, अंगाने अगदी काडी. मानेला गाठी आलेल्या, त्यावर ओढणी घट्ट गुंडाळलेली. तपासणीत टीबी निघाला. गाठींचा, त्यामुळे दुसऱ्याला लागण्यासारखा नव्हता.

आई म्हणाली, "घरात कोनाला सांगायचं नाय, मॅडम. मोठीचं लग्न जमतंय. तिच्या बापाला कळलं तर तो आधी देवाकडं नेल, मग कॉलेज बंद करल."

"आज ना उद्या सांगावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

"हां. पन उद्या."

मॅडमना ते पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनी मुलीकडे वळून नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगी म्हणाली, "सकाळी वाडीत झोपाळ्यावर बसते. कॉलेजला जायच्या आधी."

झोपाळा ठरला.

मुलगी शहाणी होती. रोज मेसेज जायचा, 'आज आपण झोपाळ्यावर बसलात का?' आणि उत्तर यायचं, 'बसले.' पुढे पूर्णविराम. मॅडमना तो पूर्णविराम फार आवडायचा. मला दाखवायच्या, "बघ. ही मुलगी वाक्य पूर्ण करते." गाठी हळूहळू बसत चालल्या होत्या. एकदा उत्तर आलं नाही तेव्हा मॅडमनी दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'काल आपण झोपाळ्यावर आला नाहीत. वाट पाहिली.'

हा मेसेज तिच्या भावाने वाचला.

भाऊ तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, बोईसरला एका कंपनीत नुकताच लागलेला. त्याने मागचे सगळे मेसेज वाचले. कोणीतरी आपल्या बहिणीला रोज सकाळी, अगदी आदराने, झोपाळ्यावर बोलावतो आहे आणि ती रोज कबूल करते आहे, याचा अर्थ त्याने लावला तो कोणीही लावला असता. त्याने स्वतःच्या फोनवरून त्या नंबरवर फोन केला. पुन्हा केला. मॅडमनी अर्थातच उचलला नाही, नुसता 'काय काम?' असा मेसेज आला. त्याची खात्री पटली.

मुलीला विचारलं तर ती गप्प. तिच्यापुढे दोनच रस्ते होते, एक तर आजार सांगायचा, नाहीतर नसलेला मुलगा कबूल करायचा. तिने कशालाच तोंड उघडलं नाही. बापाने तिचं कॉलेज बंद केलं. फोन भावाकडे गेला. आईने गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या होत्या, पण भाऊ आणि बाप आळीपाळीने घरात, त्यामुळे तो डबा काही उघडेना. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. आम्हाला कळलं ते इतकंच की उत्तरं यायची थांबली.

मॅडम रोज लिहीत राहिल्या. मग एके दिवशी दुपारी रुमाल तोंडावर घेण्याच्या वेळी त्या माझ्या खिडकीपाशी आल्या आणि फोन माझ्यापुढे धरला. उत्तर आलं होतं. 'आज सांजेला किल्ल्याजवळ ये एकटा भेटायचं हाय'.

"आलं की उत्तर," मी म्हणालो.

"हे तिचं अक्षर नाही."

"मेसेजमध्ये कसलं अक्षर, मॅडम?"

"पूर्णविराम कुठाय?" त्यांनी हेल्मेट उचललं. "चल."

मी त्यांना वाटेत दोनदा समजवायचा प्रयत्न केला. पोलिसांना सांगू, आईला निरोप पाठवू. गाडीवर बोलायचं नाही या नियमापुढे माझं काही चाललं नाही. शिरगावला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. किल्ल्याच्या भिंतीला टेकून तीन पोरं उभी होती. दोघांच्या हातात काठ्या होत्या. आमची स्कूटर थांबली. पुढे हेल्मेट घातलेली कोणी बाई, मागे मी. त्यांनी मला पाहिलं.

"हाच तो!"

मी गाडीवरून पुरता उतरलोही नव्हतो तेवढ्यात माझी कॉलर एकाच्या मुठीत होती. तोच भाऊ. त्याने माझा चेहरा जवळून पाहिला, मग माझं टक्कल पाहिलं, आणि त्याचा राग आणखी वाढला.

"लाज नाय वाटत? बापाच्या वयाचा हायस तू!"

मॅडमनी स्कूटर शांतपणे स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढलं. पांढरे केस सगळे चपटे झाले होते.

"त्यांना सोडा," त्या म्हणाल्या. "मेसेज मी करते."

"मावशी, तुमी मधी पडू नका."

"मधे नाही पडले. आपण बोलावलंत म्हणून आले. एकटी ये म्हणाला होतात, पण मला एकटीला भीती वाटली."

त्यांनी फोन पुढे केला. भावाने माझी कॉलर सोडली नाही, पण दुसऱ्या हाताने फोन घेऊन बघितला. त्याचाच मेसेज होता. मग त्याने खिशातून बहिणीचा फोन काढून त्यावरून त्याच नंबरला फोन लावला. मॅडमचा फोन त्याच्या हातात वाजू लागला. मॅडम सवयीने तो थांबायची वाट बघत उभ्या राहिल्या.

"तुमी?" तो म्हणाला. काठीवाले दोघे एकमेकांकडे बघू लागले. "तुमी माझ्या भनीला... कशाला?"

आता मॅडम सांगतील आणि प्रकरण मिटेल, असं मला वाटलं. एक वाक्य पुरलं असतं. मॅडम म्हणाल्या, "ते मी सांगणार नाही."

"म्हंजे?"

"ती तिची गोष्ट आहे. मला सांगायचा हक्क नाही."

मी मध्येच म्हणालो, "अहो, या डॉक..." मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढचं अक्षर मी गिळलं. अजून कॉलर त्याच्याच हातात होती हे लक्षात घेतलं तर माझं गप्प बसणं बऱ्यापैकी धाडसाचं होतं.

"मी पोलिसांत जाईन," तो म्हणाला.

"जा. मीही येते. पण आधी आपल्या घरी चला. मला पाणी हवंय."

घर वाडीत होतं. केळी, पानवेली, ओटा, आणि आंब्याच्या फांदीला टांगलेला तो झोपाळा. बाप ओट्यावर पानं लावत बसला होता. आई दारात आली, मॅडमना पाहिलं आणि चौकट धरून उभी राहिली. मोठी बहीण आत होती, ती बाहेर आली नाही. आमची मुलगी आईच्या मागून पुढे झाली. ओढणी तशीच मानेभोवती.

"बाबा," भाऊ म्हणाला, "मेसेज या बाईचे हायेत."

बापाने मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कोन तुमी?"

मॅडम मुलीकडे वळल्या. त्या म्हणाल्या, "आपली हरकत नसेल तर मी सांगते. हरकत असेल तर मी एक डोकं फिरलेली बाई आहे, चुकून आपला नंबर लागला, आणि मी आता जाते. काय करायचं ते आपण ठरवा."

आईच्या तोंडून 'नको' असं अर्धवट आलं आणि थांबलं. मुलगी उभीच होती. बाप, भाऊ, आई, मॅडम, मी, सगळे तिच्याकडे बघत होतो. या घरात तिच्या बोलण्याची इतकी माणसं एकदम वाट बघताहेत, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं.

तिने ओढणी सोडली.

"मला गाठींचा टीबी झालाय, बाबा," ती म्हणाली. "ह्या डॉक्टर हायेत. गोळ्या घेत व्हते. झोपाळा म्हंजे गोळी."

बापाने हातातलं पान खाली ठेवलं. "तुला ठाव व्हतं?" हे आईला.

"हां."

"आनि मला नाय सांगितलं?"

"मोठीचं जमत व्हतं," आई म्हणाली.

त्याने वाकून गाठींकडे पाहिलं. मग त्याने मॅडमना विचारलं, "लागत तर नाय ना कोनाला?"

"नाही."

"लगीन? पोरंबाळं?"

"सगळं होईल. गोळ्या पूर्ण केल्या तर."

"आनि नाय केल्या तर?"

"तर मला पुन्हा यावं लागेल."

हा विनोद होता की धमकी ते त्याला कळलं नाही, मलाही कळलं नाही. पण तो उठला आणि आत जाऊन मॅडमसाठी स्वतः पाणी घेऊन आला. भाऊ एवढा वेळ झोपाळ्याच्या दोरीला धरून उभा होता. त्याने बहिणीचा फोन तिच्या हातात दिला. "म्हंजे पोरगा कोनी नायच?" त्याने विचारलं, आणि त्याच्या आवाजात थोडी निराशा होती असं मला अजूनही वाटतं. मुलगी आत गेली. तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज आला.

परतताना उमरोळीच्या अलीकडे मॅडमनी गाडी बाजूला घेतली आणि हेल्मेट काढलं.

"माझ्या एका वाक्यामुळे मार बसला असता तिला," त्या म्हणाल्या. "कदाचित बसलाही असेल. विचारायचं राहिलं."

दुसऱ्या दिवसापासून पहिल्या भेटीत त्या आणखी एक प्रश्न विचारू लागल्या, "आपला फोन घरात कोण कोण वाचतं?"

मोठ्या बहिणीचं ते लग्न मोडलं. बापाने स्वतः जाऊन नवऱ्याकडच्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि नंतर काही कळवलं नाही. पुढे तिचं दुसरीकडे जमलं, पण मधले बरेच दिवस ती धाकटीशी बोलत नव्हती, असं आई सांगायची. धाकटीने गोळ्या पूर्ण केल्या. शेवटच्या तपासणीला बाप बरोबर आला होता आणि केळ्यांचा घड घेऊन आला होता. मॅडमनी सगळं पुन्हा तपासून पाहिलं, झालं म्हणाल्या, आणि तिच्यासमोरच फोनमधून तिचा नंबर काढून टाकला.

हे त्या सगळ्यांच्याच बाबतीत करत. बरं झालेलं पोर रस्त्यात दिसलं तर त्या ओळख देत नसत. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "टीबीची डॉक्टर ज्याला हाक मारते त्याच्याकडे बाकीची माणसं बघतात. मला ओळखतात सगळे."

मॅडम आता निवृत्त झाल्या आहेत. पालघरलाच असतात. परवा त्यांच्याकडे गेलो होतो, तर म्हणाल्या बाजारात चल, ओझं उचलायला कोणी नाही. भाजीच्या एका टोपलीपाशी त्या वाकून वांगी निवडत होत्या. पलीकडून एक साठीची बाई त्याच टोपलीत हात घालत होती, तिच्या मागे कडेवर मूल घेतलेली तिची सून. मी सुनेकडे पाहिलं आणि ओळखलं. तिनेही मला ओळखलं, मग मॅडमना. तिचे ओठ हलले. मॅडमनी मान वर केली, तिच्यावरून नजर नेली तशीच पुढे नेली, आणि त्या सासूला म्हणाल्या, "ही कोवळी आहेत, तुम्ही घ्या."

"घ्या की तुमी, मी दुसरी बघते," सासू म्हणाली.

"सून का तुमची?"

"हां. शिरगावची हाय."

"छान आहे," मॅडम म्हणाल्या आणि वांगी पिशवीत भरायला मला दिली.

सुनेने कडेवरचं मूल मॅडमच्या बाजूला वळवून धरलं, नीट दिसेल असं. मॅडमनी ते पाहिलं. मग त्या वळून चालू लागल्या, मी पिशवी घेऊन मागे. मासळीच्या ओळीपर्यंत गेल्यावर थांबल्या, चष्मा काढून पदराने पुसला.

"चांगली जाड झालीय," त्या म्हणाल्या.